असेंबल केलेला संगणक आणि परकी कार्यप्रणाली



विहिरीवर बसवलेल्या इंजिनात डिझेल कोणत्या पंपावरचे घालावे, हे इंजिन बनवणारा कारखानदार आपल्याला सांगत नाही. बाजारातून आणलेली बैलजोडी माझ्याच नांगराला जुंपली पाहिजे, अशी अट तिचा मूळ मालक घालीत नाही. पैसे मोजले, वस्तू घरी आणली, की तिचे काय करावयाचे ते आपण ठरवतो. संगणकाच्या बाबतीत मात्र हा साधा व्यवहार अडखळतो. यंत्र आपण विकत घेतो. पण ते यंत्र चालवणारी जी कार्यप्रणाली असते, जिला इंग्रजीत ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ती आपण विकत घेत नाही. तिच्या वापराचा परवाना तेवढा घेतो. परवाना म्हटला की अटी आल्या. ‘ही प्रणाली आमच्याच यंत्रावर चालवावी’ अशीही एक अट त्यात असू शकते.

मग ज्याने सुटे भाग आणून आपल्या हाताने संगणक जोडला आहे, त्याने अशी परकी कार्यप्रणाली त्यावर बसवावयाची म्हटली तर काय होते? ती बसते का? बसली तर टिकते का? आणि मुळात बसवावी का? या तीन प्रश्नांचा आज आपण क्रमाने विचार करू. विषय शहरातल्या हौशी पोरांचा वाटेल. पण शेवटी तो तुमच्या गावच्या शाळेतील टेबलावर येऊन ठेपतो, हे ध्यानात आणून देणे हाही माझा हेतू आहे.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसर असतो, मदरबोर्ड असतो, रॅम असते, हार्ड डिस्क असते, पडद्यावर चित्र उमटवणारे ग्राफिक्स कार्ड असते. हे सगळे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे मिळतात, आणि तालुक्याच्या गावचा दुकानदारही ते मागवून जोडून देतो. परंतु नुसते भाग जोडले म्हणजे संगणक झाला नाही. शाळेची इमारत आहे, फळे-खडू आहेत, मास्तर आहेत, मुले आहेत. पण कोणता वर्ग कोठे बसावा, कोणाचा तास केव्हा, एकच नकाशा दोन वर्गांनी मागितला तर तो आधी कोणाला द्यावा, हे ठरवणारा मुख्याध्यापक नसेल तर शाळा भरते काय? संगणकात हे मुख्याध्यापकाचे काम कार्यप्रणाली करते. प्रोसेसरचा वेळ, रॅममधली जागा आणि डिस्कवरची पाने ती वाटून देते.

आता या मुख्याध्यापकाला एक अडचण असते. हाताखालचा प्रत्येक भाग आपल्या बोलीत बोलतो. अमक्या कंपनीचे साउंड कार्ड एक भाषा बोलते, तमक्या कंपनीचे दुसरी. म्हणून प्रत्येक भागासाठी एक दुभाषा लागतो. त्याला ‘ड्रायव्हर’ असे नाव आहे. दुभाषा नसेल तर भाग जागेवर असूनही मुका राहतो. ही दुभाष्याची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या खटाटोपाचे मूळ तिच्यात आहे.

मायक्रोसॉफ्टची विंडोज ही कार्यप्रणाली अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर चालावी अशाच हेतूने बनवलेली आहे. म्हणून भाग बनवणारा प्रत्येक कारखानदार विंडोजसाठी दुभाषा तयार करून देतो. ॲपल कंपनीची रीत वेगळी. यंत्रही तीच बनवते आणि त्यावरची मॅक ओएस ही कार्यप्रणालीही तीच लिहिते. आपल्या मोजक्या यंत्रांत जे भाग असतात तेवढ्यांचेच दुभाषे ती बाळगते. यामुळे तिचे काम नीटनेटके होते, हे मान्य केले पाहिजे. पण यंत्राची किंमत ऐकून आपल्यासारख्याचा हात खिशाकडे जाऊन परत येतो, हेही तितकेच खरे. आणि परवान्यात स्पष्ट लिहिलेले असते की ही प्रणाली ॲपलच्या नावाच्या यंत्रावरच बसवावी.

तरीही हजारो लोकांनी ती साध्या, असेंबल केलेल्या संगणकावर बसवून दाखवली. अशा यंत्राला ‘हॅकिंटॉश’ असे नाव पडले. ॲपलच्या संगणकाचे मूळ नाव मॅकिंटॉश, त्याचेच हे मोडतोड केलेले रूप.

हे शक्य कसे झाले? कोकणातील बागायतदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. खुंट गावठी आंब्याचा आणि वर काडी हापूसची, असे कलम तो बांधतो आणि ते जगते. का जगते? कारण दोन्ही जाती एकाच कुळातल्या. चिंचेच्या खुंटावर हापूस बांधला तर तो जगणार नाही. संगणकाचेही तसेच आहे, आणि येथे कूळ ठरते ते प्रोसेसरवरून.

१९८४ साली पहिला मॅकिंटॉश निघाला त्यात मोटोरोलाचा प्रोसेसर होता. १९९४ पासून ॲपलने पॉवरपीसी नावाचा प्रोसेसर घेतला. आपल्या घरादारांतले, कचेऱ्यांतले संगणक मात्र इंटेलच्या कुळातले. तेव्हा कूळच वेगळे, कलम बांधणार कशावर? मध्यंतरी १९९५ पासून खुद्द ॲपलनेच पॉवर कॉम्प्युटिंगसारख्या काही कंपन्यांना मॅकसारखी यंत्रे बनवण्याचा परवाना दिला होता. पण ती यंत्रे ॲपलचेच गिऱ्हाईक खाऊ लागली. १९९७ साली स्टीव्ह जॉब्ज कंपनीत परत आले आणि त्यांनी तो परवान्याचा व्यवहार बंद केला. मग जून २००५ मध्ये त्याच जॉब्जनी जाहीर केले की यापुढे ॲपलच्या यंत्रांत इंटेलचे प्रोसेसर येणार. जानेवारी २००६ मध्ये तशी यंत्रे बाजारात आली. त्या दिवसापासून ॲपलचा संगणक आणि तालुक्याच्या दुकानात जोडलेला संगणक हे एका कुळातले झाले. कलम बांधण्याची वाट मोकळी झाली ती अशी.

मोकळी झाली म्हणजे सोपी झाली असे नव्हे. चार अडथळे होते, आणि ते कसे ओलांडले गेले हे समजून घेण्यासारखे आहे.

पहिला अडथळा संगणक सुरू होण्याचा. बटण दाबले की प्रथम मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो भागांची हजेरी घेतो आणि मग डिस्कवरच्या कार्यप्रणालीला हाक मारतो. ॲपलच्या यंत्रांत हा प्रोग्रॅम निराळ्या धर्तीचा होता. म्हणून स्वयंसेवकांनी मध्ये बसणारा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याला बूटलोडर म्हणतात. आधी कॅमेलिऑन, मग क्लोव्हर आणि २०१९ पासून ओपनकोअर अशी त्याची परंपरा आहे. संगणकाने हाक मारली की बूटलोडर पुढे होतो, आणि मॅक ओएसला जी मांडणी अपेक्षित असते ती तिच्यापुढे मांडतो.

दुसरा अडथळा ओळखीचा. ॲपलच्या इंटेल यंत्रांत पंखे, तापमान आणि वीज यांवर लक्ष ठेवणारी एक छोटी चिप असे. मॅक ओएस सुरू होताना त्या चिपकडे एक किल्ली मागते, कारण तिचे काही आवश्यक प्रोग्रॅम कुलूपबंद ठेवलेले असतात. साध्या संगणकात ती चिपच नाही. मग तिचे सोंग घेणारा एक प्रोग्रॅम लिहिला गेला. व्हर्च्युअल एसएमसी हे त्यांपैकी अलीकडचे नाव. नीतीचा आणि कायद्याचा प्रश्न येथेच उभा राहतो. त्याच्याकडे मी पुढे येईन.

तिसरा अडथळा भागांच्या नोंदींचा. प्रत्येक मदरबोर्डमध्ये त्याच्या कारखानदाराने एक दप्तर लिहून ठेवलेले असते. कोणता भाग कोठे आहे, झोपवावा कसा, उठवावा कसा, हे त्यात असते. हा त्या यंत्राचा सातबाराच समजा. मॅक ओएसला या सातबाऱ्यातल्या काही नोंदी कळत नाहीत, काही हव्या त्या सापडत नाहीत. तेव्हा मूळ सातबारा न खोडता त्याला फेरफाराच्या नोंदी जोडाव्या लागतात. या छोट्या जोडपत्रांना एसएसडीटी म्हणतात. ती नीट लिहिता आली तर संगणक झोपतो आणि उठतो; चुकली तर झोपलेला उठतच नाही.

चौथा अडथळा दुभाष्यांचा. आवाजासाठी ॲपल-एएलसी, पडद्यासाठी व्हॉटएव्हरग्रीन, तारेच्या जाळ्यासाठी त्या त्या चिपचा वेगळा दुभाषा, असे हे हौशी लोकांनी लिहिलेले ड्रायव्हर जमा करून बूटलोडरच्या हवाली करावे लागतात.

आता प्रत्यक्ष बसवण्याचे काम. त्याचा क्रम थोडक्यात सांगतो, म्हणजे त्यातली मेहनत ध्यानात येईल.

भाग पारखून घेणे ही पहिली पायरी. ज्याचा दुभाषा मिळत नाही तो भाग कितीही महाग असो, येथे त्याची किंमत शून्य. एन्व्हिडियाची नवी ग्राफिक्स कार्डे २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून मॅक ओएसवर चालेनाशी झाली. एएमडीची कित्येक कार्डे मात्र चालतात, कारण ॲपल स्वतः ती वापरीत होती. उलट प्रोसेसर एएमडीचा असेल तर कार्यप्रणालीच्या गाभ्यालाच ठिगळे लावावी लागतात, कारण ॲपलने मॅकमध्ये एएमडीचा प्रोसेसर कधीच घेतला नाही.

दुसरी पायरी, मदरबोर्डच्या सेटिंग्जची. सिक्युअर बूट बंद करावयाचे, डिस्कची पद्धत एएचसीआय ठेवावयाची, सीएफजी लॉक नावाची एक खीळ असते ती काढावयाची. तिसरी पायरी पेन ड्राइव्ह तयार करण्याची. त्यावर ओपनकोअर, दुभाषे, फेरफाराच्या नोंदी आणि या सर्वांची यादी असलेली एक फाइल ठेवतात. त्या फाइलीत एक अक्षर चुकले, एक कंस राहून गेला, तरी गाडी पुढे सरकत नाही. कार्यप्रणालीचा छोटा आरंभीचा भागही पेन ड्राइव्हवर घेतात. उरलेला कित्येक जीबींचा भाग इंटरनेटवरून उतरतो. म्हणजे इंटरनेटचा दुभाषा सर्वांच्या आधी चालू झाला पाहिजे, नाही तर बसवण्याचे काम अर्ध्यावर थांबते. खेड्यातल्या तुटक-तुटक इंटरनेटवर ही पायरी किती वेळ खाईल, हे तुम्हाला मी सांगावयास नको.

चौथी पायरी खऱ्या परीक्षेची. संगणक सुरू केला की पडद्यावर इंग्रजी ओळींचा पाऊस पडू लागतो आणि बहुधा एका ओळीवर तो थांबतो. नवशिका त्या शेवटच्या ओळीलाच दोष देतो. प्रत्यक्षात कारण आधीच्या दहा-वीस ओळींत दडलेले असू शकते. ताप आला म्हणून कपाळाला औषध लावून चालत नाही, तसेच हे. एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत लिहून ठेवावा, पुन्हा सुरू करून पाहावे. ज्याने एकदम पाच बदल केले त्याला कोणत्या बदलाने काय झाले हे कधीच कळत नाही.

कार्यप्रणाली एकदाची बसली तरी काम संपत नाही. आवाज, झोप, वायफाय, यूएसबी एकेक बघावे लागते. यूएसबीची गंमत सांगतो. २०१५ च्या एल कॅपिटन आवृत्तीपासून मॅक ओएस एका यूएसबी नियंत्रकावर पंधराच पोर्ट मोजते. आता नव्या पद्धतीचे एक भोक दिसते एक, पण त्यात जुना आणि नवा असे दोन पोर्ट मोजले जातात. म्हणून कॅबिनेटला दहा भोके दिसली तरी हिशेब पंधराच्या पुढे जातो, आणि मग कोणते ठेवावयाचे नि कोणते सोडावयाचे याचा नकाशा हाताने काढावा लागतो.

आमच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या एका विद्यार्थ्याने हा उद्योग केला. मी अर्थशास्त्राचा शिक्षक. मला त्यातले यंत्र कमी कळते, पण मुलाचा चेहरा कळतो. तीन आठवडे तो संध्याकाळी मित्राच्या घरी बसत होता. आवाज येईना, मग आवाज आला तर झोप मोडेना. शेवटी चालले. मी विचारले, ‘‘काय मिळवलेस?’’ तो म्हणाला, ‘‘सर, संगणक सुरू होताना आत काय काय होते, ते पुस्तकात वाचले होते, आता दिसले.’’ हे उत्तर मला पटले. शेतकऱ्याच्या ज्या मुलाने इंजिन एकदा उकलून पुन्हा बसवले, त्याला पुढे कोणी मिस्त्री फसवू शकत नाही. तेव्हा ‘बसते का’ या प्रश्नाचे उत्तर ‘होय, बसते’ असे आहे. आणि बसवणारा त्यातून पुष्कळ शिकतो.

आता दुसरा प्रश्न: टिकते का?

येथे उत्तर निराळे आहे. परक्या खुंटावरच्या या कलमाला मूळ मालक पाणी घालीत नाही. ॲपल आपल्या प्रणालीत सुधारणा करते ती आपल्या यंत्रांसाठी. ती सुधारणा असेंबल केलेल्या संगणकावर घेतली की काल चालणारा भाग आज बंद पडू शकतो. एन्व्हिडियाचे सांगितलेच. २०२३ च्या सोनोमा आवृत्तीत जुन्या ब्रॉडकॉम वायफाय कार्डांचा आधार गेला आणि अनेकांची चांगली चालणारी वायफाय एका रात्रीत मुकी झाली. प्रत्येक वेळी हौशी मंडळी उपाय काढतात. पण उपाय निघेपर्यंत थांबावे लागते, आणि तो लिहिणारा माणूस पगारी नसतो.

याहून मोठी गोष्ट २०२० साली घडली. ॲपलने इंटेल सोडून स्वतःचा प्रोसेसर घेण्याचे जाहीर केले. नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ प्रोसेसरची यंत्रे आली आणि जून २०२३ मध्ये मॅक प्रो हे शेवटचे इंटेल यंत्रही बदलले गेले. कूळ पुन्हा वेगळे झाले. तरीही इंटेलच्या जुन्या मॅकसाठी नव्या आवृत्त्या निघत होत्या, म्हणून हॅकिंटॉशही तग धरून होता. जून २०२५ मध्ये ॲपलने सांगितले की मॅक ओएस २६, म्हणजे ताहो, ही इंटेल यंत्रांवर चालणारी शेवटची मुख्य आवृत्ती होय. म्हणजे खुंट आंब्याचाच आहे, पण यापुढे काडी निराळ्याच झाडाची येणार. आज जे कलम जगले आहे ते काही काळ फळे देईल. नवे कलम बांधण्याचे दिवस मात्र संपत आले.

तिसरा प्रश्न: बसवावी का?

याला कायद्याची बाजू आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सायस्टार नावाची एक कंपनी होती. २००८ साली तिने मॅक ओएस घालून दिलेले साधे संगणक विकावयास काढले. ॲपलने दावा लावला. ‘आम्ही प्रणालीच्या प्रती पैसे देऊन घेतल्या आहेत, मग त्या कोठे बसवाव्यात हे तुम्ही कोण सांगणार?’ असा तिच्या युक्तिवादाचा रोख होता. ऐकावयास तो माझ्या सुरुवातीच्या बैलजोडीसारखाच वाटतो. परंतु २००९ साली न्यायालयाने ॲपलच्या बाजूने निकाल दिला. प्रणालीत फेरफार करून तिच्या नकला विकणे आणि तांत्रिक कुलूप चुकवणे, ही दोन्ही कृत्ये बेकायदा ठरली. २०११ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम झाला. आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे, आणि २०१२ साली दुरुस्ती होऊन तांत्रिक कुलपे तोडण्याविषयीचे कलम ६५-अ त्यात आले आहे. तेव्हा ‘घरात बसून केले, कोण बघतो’ असे म्हणून हा विषय झटकता येणार नाही.

कायद्याच्या अलीकडे नीतीचाही एक प्रश्न आहे. सातबाऱ्याला फेरफार जोडणे किंवा दुभाषा लिहिणे हे मला कारागिरीचे काम वाटते. पण हॅकिंटॉशला ॲपलच्या संदेशसेवा चालाव्यात म्हणून यंत्राला खोटा अनुक्रमांक देतात. तो खऱ्या मॅकचा असल्याचे सोंग घेऊन सेवा मागतो. स्वतःच्या वस्तूवर प्रयोग करणे निराळे आणि दुसऱ्याच्या दारात खोटे नाव सांगून उभे राहणे निराळे. विद्यार्थ्याला पहिले शिकवताना दुसरे नकळत शिकवले जाणार नाही, ही काळजी शिक्षकाने घेतली पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, ‘‘हे ॲपलचे पुराण आम्हाला कशाला? आमच्या शाळेत आहे तो विंडोजचा जुना संगणक.’’ बरोबर आहे. आणि म्हणूनच आता तुमच्या शाळेत येतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. संगणक त्या दिवशी बंद पडले नाहीत. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीप्रमाणे फुकट मिळणे थांबले. विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते आणि सामान्यतः इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. शाळेला दहा वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून मिळालेला, असेंबल केलेला संगणक यात बसत नाही. अशा वेळी कोणीतरी भेटतो आणि म्हणतो, ‘‘गुरुजी, काळजी करू नका. अट चुकवून विंडोज ११ टाकून देतो.’’ तो टाकूनही देईल. पण मायक्रोसॉफ्टचे म्हणणे आहे की अशा यंत्राला पुढच्या सुधारणा मिळण्याचा हक्क राहत नाही. म्हणजे हेही परक्या खुंटावरचे कलमच झाले. ज्या संगणकात मुलांचे दाखले, निकाल, शिष्यवृत्तीची कागदपत्रे आहेत, त्यावर असे कलम बांधणे शहाणपणाचे नाही. एखादी सुधारणा उलटली आणि ऐन निकालाच्या आठवड्यात यंत्र उठेना, तर मुलाचा दाखला अडतो. आणि तो टाकून देणारा माणूस त्या वेळी फोन उचलीलच असे नाही.

मग जुना संगणक भंगारात द्यावा काय? तसे नाही. ज्या कार्यप्रणालीचा परवानाच सांगतो की ‘कोणत्याही यंत्रावर बसवा, वाटा, आत काय आहे ते पाहा, बदला’, ती बसवावी. फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहावयास घेतलेला लिनक्सचा गाभा आणि त्याभोवती जगभरच्या लोकांनी उभारलेल्या डेबियन, उबंटू, मिंट या प्रणाली अशा आहेत. आपल्या सी-डॅक संस्थेने भारतीय भाषांचा विचार करून बॉस लिनक्स तयार केली आहे. केरळ राज्याने तर सरकारी शाळांतून मोठ्या प्रमाणावर हीच वाट धरली. येथे दुभाषे बहुधा प्रणालीबरोबरच येतात, कोणाचे कुलूप चुकवावे लागत नाही, आणि खोटे नाव सांगावे लागत नाही.

मात्र येथेही घाई नको. काही गोष्टी आधी पाहून घ्याव्यात. एक, सर्व फाइलींची प्रत दोन निरनिराळ्या ठिकाणी करावी, आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. दोन, लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. डिस्कला हातही लागत नाही. तशी ती दोन दिवस चालवावी. आवाज, वायफाय, प्रिंटर, प्रोजेक्टर एकेक तपासावा. तीन, मराठी टंकन पाहावे. युनिकोडमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक चालतो. परंतु श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेले कागद तेथे वाचता येणार नाहीत, ते आधी बदलून घ्यावे लागतील. चार, सरल, शालार्थ, यू-डायस ही कामे ब्राउझरमधून होतात, पण डिजिटल सहीचे टोकन वापरीत असाल तर त्याचा दुभाषा लिनक्ससाठी मिळतो की नाही हे खात्रीने पाहावे. मिळत नसेल तर तेवढ्या कामासाठी दुसरा संगणक ठेवावा. पाच, शाळेतील किमान दोन माणसांना ही प्रणाली चालवता आली पाहिजे. एकाची बदली झाली आणि संगणकावर धूळ बसली, असे होऊ नये.

आणि ज्या विद्यार्थ्याला मॅकचे कलम बांधून पाहण्याची उत्सुकता आहे, त्याचे काय? त्याला हिणवू नका. परवान्यात आणि कायद्यात काय आहे ते त्याला स्पष्ट सांगा. मग एखादा जुना, रिकामा, कोणाचेही काम न अडवणारा संगणक त्याच्यापुढे ठेवा आणि म्हणा, ‘‘यावर लिनक्स बसव. आवाज बंद असेल तर का बंद आहे ते शोध. एका वेळी एकच बदल कर आणि वहीत लिही.’’ जे ज्ञान त्याला त्या खटाटोपातून मिळणार होते, ते येथे उघड्या दाराने मिळेल. शिवाय त्याने लिहिलेला एखादा दुभाषा कोणाच्या तरी शाळेतला मुका भाग बोलका करील.

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत शाळेतला बंद पडलेला एक संगणक बाहेर काढा. कॅबिनेट उघडा, धूळ झटका, आतला प्रत्येक भाग मुलांना नावानिशी दाखवा आणि एक पेन ड्राइव्ह लावून पाहा. तो सुरू झाला तर गावाला एक संगणक मिळाला. सुरू झाला नाही, तर का झाला नाही हे मुलांबरोबर शोधा, आणि त्या दिवसाचा तास तोच समजा.